‘धरावे’ म्हणणाऱ्याचा गुन्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

गेल्या श्रावणात दोन दिवस तळेघरला आत्याकडे राहायला गेलो होतो. घोडेगाव सुटलं, डिंभ्याच्या धरणाचं पाणी मागे पडलं, की भीमाशंकरच्या वाटेवर हे गाव लागतं. श्रावणात तिथला पाऊस म्हणजे दिवसभर घराबाहेर पडायची सोय नाही. रात्री आठ वाजले की सगळं घर टीव्हीसमोर. आत्या, तिचा मुलगा, सून, नातवंडं आणि शेजारचे दोघंतिघं. मालिका कोणती ते सांगत नाही, कारण अशा मालिका सगळ्या वाहिन्यांवर सारख्याच असतात. वाड्यावरची थोरली सून, धाकट्या दिराच्या नावावर चाललेली जमीन, आणि एका ढाब्यावर कागदात गुंडाळून दिलेले पैसे. थोरल्या सुनेनं दिराची सुपारी दिलेली. पुढे तोच दीर तिच्या मुलाला विहिरीतून बाहेर काढतो आणि हिचं मन पालटतं. ती त्या माणसाला फोन करते, ‘राहू दे, नको करूस.’ तो म्हणतो, ‘पैसे खर्च झाले, माझी माणसं निघाली, आता माघार नाही.’ फोन बंद. पुढच्या दृश्यात गोळीचा आवाज, आणि नेमकी त्याच वेळी आमच्याकडची वीज गेली.

अंधारात खटला सुरू झाला. सून म्हणाली, तिनं तर शेवटी नको म्हटलं, मग दोष तिचा कसा? आतेभाऊ म्हणाला, पैसे कुणाचे होते? शेजारचे गृहस्थ म्हणाले, गोळी घातली तो खुनी, बाकीच्या सगळ्या गोष्टी. मग सगळ्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला, कारण तालुक्याच्या कोर्टात काळा कोट घालून माझी निम्मी हयात गेली आहे. ‘कायदा काय म्हणतो ते सांग.’ त्या रात्री कंदिलाच्या उजेडात जे बोललो, तेच आज जरा नीट लावून तुमच्यासमोर मांडतो.

आधी त्या शब्दाबद्दल. सुपारी हा आमच्या भागातला किती मंगल शब्द! लग्नाची सुपारी फुटते. गावच्या जत्रेला तमाशा ठरवायचा तर गुढीपाडव्याच्या सुमारास पंचमंडळी जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला जातात. तिथे फडांच्या राहुट्या पडलेल्या असतात. फडमालकाशी बोलणी होतात, इसार दिला जातो, आणि गावात येऊन सांगतात, ‘अमक्याला सुपारी दिली.’ म्हणजे शब्द दिला, शब्द घेतला, आता फिरायचं नाही. मुंबईच्या गुन्हेगारीनं हाच शब्द उचलला आणि त्याचा अर्थ पार बदलला. पण त्यातली ‘आता फिरायचं नाही’ ही गोष्ट मात्र तशीच राहिली. मालिकेतला मारेकरी तेच तर सांगत होता. गंमत अशी की तमाशाचा फड इसार घेऊन आलाच नाही तर गाव कोर्टात जाऊ शकतं. खुनाची सुपारी घेऊन माणूस पळाला तर देणारा कुठेच जाऊ शकत नाही. बेकायदा कामासाठी केलेला करार १८७२ च्या करार कायद्यानं मुळातच रद्दबातल. तो शब्द पाळायला कायदा कुणाला बांधत नाही. म्हणजे ‘माघार नाही’ हे मारेकऱ्याचं म्हणणं कायद्याच्या दृष्टीनं शुद्ध थाप आहे. त्याला माघार घेता येत होती. शेवटच्या पावलापर्यंत येत होती.

आता सुनेकडे येऊ. आपल्याकडे १८६० साली भारतीय दंड संहिता झाली. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, पण या विषयातला गाभा तोच राहिला. दुसऱ्याकडून गुन्हा करवून घेणं याला कायद्यात ‘अपप्रेरणा’ म्हणतात. पूर्वी हे १०७ वं कलम होतं, आता ४५ वं आहे. ती तीन तऱ्हांनी होते: चिथावणी देऊन, कटात सामील होऊन, किंवा जाणूनबुजून मदत करून. सुपारी देणारा बहुधा तिन्ही एकदम करतो. आणि त्या अपप्रेरणेमुळे गुन्हा घडला, तर करवणाऱ्याला शिक्षा करणाऱ्याइतकीच. खुनाला फाशी किंवा जन्मठेप, तर खून करवणाऱ्यालाही तीच. हाताला रक्त लागलं नाही ही सबब चालत नाही.

त्याहून पुढची गोष्ट अनेकांना माहीत नसते. खून झालाच नाही तरी गुन्हा घडलेला असतो. दोघांनी मिळून खून करायचं ठरवलं की कटाचा गुन्हा तिथेच पुरा झाला. पुढे कुणी एक पाऊलही उचललं नाही तरी. आणि खुनाला चिथावणी दिली, पण खून झाला नाही, तरी सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. चिथावणीपायी कुणाला इजा झाली तर चौदा वर्षांपर्यंत. तेव्हा ढाब्यावर पैसे हातात पडले त्या क्षणी आमच्या मालिकेतली सून गुन्हेगार झालेली होती. फोन नंतरचा.

मग त्या फोनला काहीच किंमत नाही का? आहे, पण आपल्याला वाटते तितकी नाही. तिचा वकील म्हणेल की नकार मारेकऱ्यापर्यंत पोहोचला होता, त्यानंतर त्यानं जे केलं ते स्वतःच्या मर्जीनं, तिच्या चिथावणीमुळे नव्हे. हा युक्तिवाद अगदीच फोल नाही. पण कुठलाही न्यायाधीश पुढचा प्रश्न विचारील. बाई, मारेकऱ्यानं ‘माणसं निघाली’ असं सांगितल्यावर तुम्ही काय केलं? पोलिसांना कळवलं का? खुनाचा कुणाचा बेत आहे हे ज्याला कळलं, त्यानं ते पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटना कळवलं पाहिजे, असं फौजदारी प्रक्रियेचा कायदा कुणाही नागरिकाला सांगतो. मग जिनं स्वतः बेत रचला तिचं काय?

मी एवढं बोलेपर्यंत आत्या गप्प होती. ती दुसरीपर्यंत शिकलेली. ती म्हणाली, ‘आरं, तिनं फोन त्या मारेकऱ्याला केला. दिराला का न्हाई केला? त्यो तर माडीवरच झोपला हुता.’

दिराला सांगायचं म्हणजे आपण काय केलं होतं तेही सांगावं लागलं असतं. सुनेला खून नको होता, पण उघडकीला येणंही नको होतं, आणि दोन्हींत निवड करायची वेळ आली तेव्हा तिनं खून पत्करला. आत्याच्या या एका वाक्यानं मला अडीचशे वर्षांपूर्वीचा एक खटला आठवला. आपल्या भाषेत त्यानं एक म्हणच ठेवून दिली आहे.

पुण्याच्या शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणपतीच्या दिवसांत, भर दुपारी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. वय अठरा. थोरले बंधू माधवराव आदल्या वर्षी १८ नोव्हेंबरला थेऊरला वारले आणि पेशवाईची वस्त्रं या पोराच्या अंगावर पडली. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, वाड्यातच नजरकैदेत होते. गारदी म्हणजे पगारी पायदळ, वाड्यावर पहाऱ्याला असणारे. त्यांचे म्होरके सुमेरसिंग आणि महंमद इसब. थकलेल्या पगाराची ओरड करत गारदी वाड्यात घुसले. नारायणराव धावत चुलत्याच्या दालनात गेला आणि त्याला मिठी मारली. ‘काका, मला वाचवा’ हे शब्द तेव्हापासून मराठी माणसाच्या कानात आहेत. चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर पडला, त्यालाही कापलं. नंतर ज्या दरवाजातून नारायणरावाचा देह बाहेर नेला त्याला आजही नारायण दरवाजा म्हणतात.

दादा पेशवे झाले. आणि त्यांच्याच राज्यात त्यांचाच न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे या खुनाची चौकशी करत होता. ग्रँट डफ यानं १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत दिली आहे. शास्त्रीबुवांनी दीडेक महिन्यात पुरावा जमवला आणि दादांना समोरासमोर विचारलं. दादांनी कबूल केलं की गारद्यांना आपण हुकूम दिला होता, पण तो नारायणरावाला धरण्याचा, मारण्याचा नव्हे. मूळ कागद मिळवून पाहिला तर ‘धरावे’ या शब्दातल्या ‘ध’चा ‘मा’ केलेला. तो फेरफार दादांच्या पत्नी आनंदीबाईंनी केला, असा सार्वत्रिक समज असल्याचं डफ सांगतो. तिथून ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आला, तो आजही कचेरीतल्या कारकुनापासून शाळेतल्या पोरापर्यंत सगळे वापरतात.

आता आपण सगळे शाळेपासून या गोष्टीकडे कसं बघतो? एक अक्षर बदललं म्हणून खून झाला. म्हणजे ‘ध’ लिहिणारा सुटला आणि ‘मा’ करणारी फासावर. वकिलाच्या चष्म्यातून बघितलं तर हा निवाडा अजिबात टिकत नाही.

दंड संहितेत एक कलम होतं, १११ वं. नव्या संहितेत ते ५१ वं आहे. एक कृत्य करायला सांगितलं आणि दुसरंच घडलं तर काय, याचं ते कलम आहे. ते म्हणतं की जे घडलं ते सांगितलेल्या कृत्याचा संभाव्य परिणाम असेल आणि त्या चिथावणीच्या जोरावरच घडलं असेल, तर सांगणारा त्यालाही जबाबदार. जणू तेच करायला त्यानं सांगितलं होतं. कायदा करणाऱ्यांनी खाली उदाहरणंही दिली आहेत. घर जाळायला सांगितलं आणि जाळणाऱ्यानं जाता जाता चोरीही केली, तर सांगणाऱ्यावर चोरीचा आरोप येत नाही, कारण जाळण्याचा चोरी हा काही संभाव्य परिणाम नव्हे. पण दोघांना हत्यारं देऊन मध्यरात्री कुणाच्या राहत्या घरात दरोड्याला पाठवलं, घरातल्या माणसानं विरोध केला आणि त्यांनी त्याला ठार मारलं, तर पाठवणाऱ्याची जबाबदारी खुनापर्यंत जाऊ शकते. हत्यारं दिली, घरात माणसं आहेत हे ठाऊक होतं, मग दुसरं काय होणार होतं?

हे उदाहरण शनिवारवाड्याला लावून पाहा. कुणाला पाठवलं? पगार थकलेल्या, नंग्या तलवारींच्या गारद्यांना. कशाला? गादीवरच्या पेशव्याला त्याच्याच वाड्यात पकडायला. पकडून पुढे काय? त्यांनी हात घातला त्या घडीला ते राजद्रोही झाले. पेशवा जिवंत सुटला तर त्यांची मुंडकी उडणार, हे त्यांनाही कळत होतं आणि दादांनाही. पानपतानंतरच्या पडत्या काळातली राजकारणं पाहिलेला, अटकेपर्यंत फौजा नेलेला हा सेनापती. त्याला एवढं कळत नव्हतं असं मी मानायला तयार नाही. म्हणून मी म्हणतो, कागदावर ‘ध’ असो वा ‘मा’, आजच्या कायद्यानं दादांची मान सुटणं कठीण होतं.

आणि डफच्या हकीकतीत आणखी एक तपशील आहे, तोच मला आत्याच्या बोलण्यावरून आठवला. नारायणरावानं मिठी मारली तेव्हा दादांनी मध्ये पडायचा प्रयत्न केला. सुमेरसिंगानं बजावलं की इतक्या पुढे आल्यावर आता मी माझाच नाश करून घेणार नाही, त्याला सोडा, नाहीतर त्याच्याबरोबर तुम्हीही मराल. दादांनी स्वतःला मिठीतून सोडवून घेतलं आणि ते बाहेर गच्चीवर गेले. अगदी मालिकेतला फोन! देणारा ‘नको’ म्हणतो आणि घेणारा ‘आता माघार नाही’ म्हणतो. फरक एवढाच की इथे ‘माडीवर झोपलेला’ गळ्यातच पडलेला होता.

मला त्या मिठीचा विचार करताना नेहमी अस्वस्थ व्हायला होतं. त्या क्षणी दादांना पुतण्याचा जीव नको होता, हे खरं असेल. त्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं असेल. कायदा त्या पाण्याची दखल शिक्षा ठरवताना घेईल, दोष ठरवताना घेणार नाही. पण मनातल्या न्यायासनापुढे काय? तिथे मला वाटतं उलटं होतं. चिठ्ठी लिहिणारा दादा आणि मिठी सोडवणारा दादा या दोघांत दुसरा मला जास्त दोषी वाटतो. चिठ्ठी लिहिताना आपल्याला खून नको आहे असं स्वतःला सांगता येत होतं. मिठी सोडवताना तेही सांगता येत नव्हतं.

रामशास्त्र्यांनी काय निकाल दिला ते सगळ्यांना माहीत आहे. प्रभातच्या १९४४ च्या ‘रामशास्त्री’ चित्रपटानं ते घराघरात नेलं. पण त्यातली एक बारीक गोष्ट सुटून जाते. दादांनी त्यांना शिक्षा विचारली नव्हती, प्रायश्चित्त विचारलं होतं. आणि शास्त्रीबुवांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. आपल्या धर्मशास्त्रात दंड आणि प्रायश्चित्त या निराळ्या गोष्टी. दंड राजानं द्यायचा, प्रायश्चित्त पाप करणाऱ्यानं स्वतः घ्यायचं. इथे राजाच आरोपी. दंड देणारा हातच राहिला नव्हता. म्हणून न्यायाधीशाच्या हाती फक्त प्रायश्चित्त उरलं. तो निकाल अंमलात येणार नाही हे त्यांना ठाऊक असणारच. त्यांनी तो सांगितला आणि पुणं सोडून वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

या शास्त्र्यांच्या पोथ्यांत हत्येचा दोष कुणाकुणाला लागतो याचा बारीक विचार आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या मिताक्षरेत, म्हणजे विज्ञानेश्वराच्या टीकेत, एकटा मारणाराच नाही. कर्ता आहे, त्याला कामाला लावणारा प्रयोजक आहे, संमती देणारा अनुमंता आहे, मदत करणारा अनुग्राहक आहे आणि निमित्त होणारा निमित्तीही आहे. दोषाचं माप प्रत्येकाचं निराळं, पण दोषाच्या रिंगणात सगळे. दंड संहितेच्या सातेकशे वर्षं आधी आपल्या पंडितांनी हे रिंगण आखलं होतं. दादांनी ‘मी मारा म्हटलं नव्हतं’ म्हणून जे अंतर ठेवायचा प्रयत्न केला, ते अंतर रामशास्त्र्यांच्या शास्त्रात मुळात नव्हतंच.

या रिंगणाच्या बाहेर उभे असलेले लोकही असतात. हरिपंत फडक्यांचं बघा. गारद्यांत काही शिजतं आहे अशी कुणकुण नारायणरावाला त्या सकाळी लागली होती आणि त्यानं हरिपंतांना बंदोबस्त करायला सांगितलं, असं डफ लिहितो. हरिपंत आधी एका मित्राकडे जेवायला गेले. जेवण होईपर्यंत सगळं संपलं होतं. कायद्याच्या कुठल्याही कलमात हरिपंत बसत नाहीत. खून लपवायचा किंवा सोपा करायचा त्यांचा हेतू नव्हता. पुढे त्यांनी बारभाईंच्या बाजूनं मोठी कामगिरी केली, निष्ठावान म्हणून नाव मिळवलं. पण ते जेवण त्यांना पुढे कधी आठवलं नसेल का? कायद्यानं निर्दोष आणि तरी रात्री झोप न येणारी माणसं माझ्या पक्षकारांतही मी पाहिली आहेत. त्यांना माझा काही उपयोग नसतो.

आणि आनंदीबाई. इथे मला थोडं कडक बोलायचं आहे. त्यांच्याविरुद्ध काय आहे? एक समज. तो समज लिहून ठेवणाराही त्याला समजच म्हणतो. आजच्या कोर्टात असा ऐकीव पुरावा पहिल्याच तारखेला बाजूला काढला जाईल. कागदात खाडाखोड कुणी केली हे ठरवायचं तर अक्षर तपासावं लागतं, कागद कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला ते साक्षीदारांकडून काढावं लागतं. तसं काहीही न होता या बाईला जन्मठेपेहून मोठी शिक्षा झाली. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ नाटकापासून आजच्या मालिकांपर्यंत प्रत्येक पिढीनं ती नव्यानं दिली. त्यांनी ते केलं नाही, असं मी म्हणत नाही. केलं असेल तर त्या खुनाच्या सूत्रधार ठरतात, त्यात सूट नाही. पण सिद्ध झालेलं काय, तर दादांची कबुली. आणि कबूल केलेल्याला आपण ‘बायकोच्या आहारी गेलेला’ म्हणून अर्धी माफी देऊन टाकली. घरातल्या गुन्ह्याचं खापर घरात आलेल्या सुनेवर फोडायची आपली सवय जुनी आहे. मालिका लिहिणाऱ्यांना ती नेमकी माहीत असते. आमच्या मालिकेतही सुपारी देणारी थोरली सूनच होती, थोरला मुलगा नव्हता.

शिक्षा शेवटी कुणाला झाली? बारभाईंच्या हाती महंमद इसब लागला, त्याला देहान्ताची शिक्षा झाली. आणखीही काही जण पुढे सापडले आणि मारले गेले. दादा मात्र इंग्रजांच्या आश्रयाला गेले. १७७५ च्या मार्चमध्ये सुरतेचा तह झाला, त्यातून इंग्रज-मराठे युद्ध पेटलं. त्यात किती माणसं मेली त्यांचा नारायणरावाच्या खुनाशी संबंध नव्हता. १७८२ मध्ये सालबाईच्या तहानं दादांना दरमहा २५,००० रुपये नेमणूक ठरली. ते कोपरगावच्या परिसरात राहायला गेले आणि पुढच्या वर्षी डिसेंबरात वारले. म्हणजे घेणाऱ्यांना मरण आणि देणाऱ्याला पेन्शन.

हे पेशवाईतच घडलं आणि आता घडत नाही, असं नाही. आता कायद्याचा हात लांब झाला आहे हे खरं. ११ जून २०११ रोजी मुंबईत पवईला पत्रकार जे. डे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. छोटा राजन तेव्हा परदेशात होता. पण २ मे २०१८ रोजी विशेष न्यायालयानं मारेकऱ्यांबरोबर त्यालाही जन्मठेप दिली. समुद्रापलीकडून दिलेला हुकूम हाही हुकूमच. नव्या न्याय संहितेत संघटित गुन्हेगारीच्या कलमात भाडोत्री खुनाचा नावानिशी उल्लेखही आला आहे. दुसरीकडे पुण्यातच २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. तो पैशाच्या सुपारीचा खटला नव्हे, पण आपल्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. १० मे २०२४ रोजी निकाल लागला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले, आणि खरा सूत्रधार कोण याचा छडा तपास यंत्रणांना लावता आला नाही, असं न्यायालयालाच म्हणावं लागलं.

सूत्रधारापर्यंत पोहोचणं अवघड का जातं, हे कोर्टात बसणाऱ्याला रोज दिसतं. गोळी झाडणारा मागे काहीतरी ठेवतो. काडतूस, गाडीचा नंबर, एखादा पाहणारा. करवणारा फक्त शब्द ठेवतो. आणि शब्द बहुधा अर्धे असतात. माझ्याकडे बांधाच्या भांडणांतली प्रकरणं यायची. त्यात ‘मार’ असं कुणी म्हटलेलं नसे. ‘त्याचं बघ जरा’, ‘त्याला समज दे’, ‘एकदा कायमचं मिटवून टाक’. प्रत्येक वाक्य कोर्टात दोन्ही बाजूंनी वाचता येतं. करवणाऱ्याला ते ठाऊक असतं, म्हणूनच तो तसं बोलतो. प्रत्येक ‘मिटवून टाक’मध्ये एक ‘धरावे’ असतं. कटातलाच कुणी माफीचा साक्षीदार झाला तर त्या शब्दांचा अर्थ उलगडतो, पण त्याच्या एकट्याच्या शब्दावर कुणाला फासावर चढवायला न्यायाधीश सहसा धजत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. उद्या कुणीही कुणाचंही नाव घेईल. कायदा सूत्रधाराला कमी दोषी मानतो म्हणून तो सुटत नाही. त्याच्याविरुद्ध शब्दांपलीकडे फारसं काही नसतं म्हणून सुटतो.

आणि ज्यांचा काहीच दोष नसतो त्यांचं काय, हा प्रश्न आतेभावानं काढला. मालिकेतल्या सुनेचा तो लहान मुलगा, दिरानं विहिरीतून काढलेला. त्याला उद्या कुणी काय म्हणेल? मी म्हटलं, आपल्याच भागातलं उदाहरण आहे. दादा आणि आनंदीबाई यांचा मुलगा बाजीराव १७७५ च्या जानेवारीत जन्मला, खुनानंतर सव्वा वर्षानं. त्याला, त्याचा भाऊ चिमाजी आणि दादांनी दत्तक घेतलेला अमृतराव यांना नाना फडणविसांनी शिवनेरीवर कैदेत ठेवलं होतं. तेच नाना, ज्यांनी भीमाशंकरच्या देवळाचं शिखर बांधवलं म्हणून आमच्या गावात त्यांचं नाव आदरानं घेतलं जातं. त्या मुलांचा गुन्हा काय होता? आईबापांचा. नानांच्या राजकारणात ते बसत असेल, कुठल्याही न्यायात बसत नाही. १७९५ साली सवाई माधवराव गेले, तेव्हा वीस वर्षांचा बाजीराव शिवनेरीवर कैदेतच होता, आणि तिथूनच पुढे पेशवा झाला. त्याच्या कारभाराची आपण पुष्कळ निंदा करतो, मीही करतो. पण विशीपर्यंत पहाऱ्यात वाढलेला मुलगा दुसरं काय शिकला असता, असंही कधी मनात येतं.

त्या रात्री वीज काही आली नाही. कंदील विझवून आम्ही झोपलो.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, रात्री आठ वाजता सगळे पुन्हा जागेवर. वीज होती. मारेकरी ढाब्यावरच सापडला. पोलिसांनी त्याला बेड्या घालून वाड्यावर ओळखीसाठी आणलं. थोरली सून दाराआड पदर तोंडाला लावून उभी होती, आणि त्यानं एकदाच तिच्याकडे बघून मान खाली घातली. संगीत वाजलं, नावं वर सरकू लागली.

‘आन् तिला कवा?’ आत्यानं विचारलं.

पुढचा भाग सोमवारी होता.